बुडालेल्या बापाची गोष्ट घेऊन पाचूबंदरला

समुद्रावर पुस्तक लिहून झाल्यावर मी समुद्र बघायला निघालो. मुलांसाठी लिहिणाऱ्या आम्हा पुणेकरांची ही जुनीच खोड. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मराठी बालपुस्तकं आईबापांपेक्षा ग्रंथालयंच जास्त घेत, आणि ग्रंथालयांना डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक लागतं, असं आमच्या प्रकाशकांचं ठाम मत होतं. म्हणून माझ्या गोष्टीत कोळ्याच्या पोराचा बाप तुफानात बुडत होता. वसईच्या पाचूबंदरमधल्या मोनिका टीचरांनी पत्र पाठवून शाळेत वाचनाला बोलावलं होतं. छपाईला जायची प्रुफं पिशवीत टाकून मी पहाटेची एसटी पकडली.

वसईला उतरेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. रिक्षावाल्याने केळीच्या बागांमधून मला किल्ल्यापाशी आणून सोडलं आणि ''आता सरळ चालत जावा'' म्हणून तो मागे वळला. ते सरळ काही संपेना. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चप्पल हातात घेऊन अनवाणीच चालू लागलो. मग होड्या दिसल्या आणि वलांड्यांवर (बांबूंच्या मांडणीवर) टांगलेल्या बोंबलांचा वास आला. हा वास माझ्या पुस्तकात कुठेच नव्हता.

शाळेत तीस-चाळीस मुलं सतरंजीवर बसून माझीच वाट पाहत होती. तीन पानं वाचेपर्यंत ती खुशीत होती. चौथ्या पानावर बाप होडी घेऊन निघाला, तशी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून दाराकडे चालू लागली.

''जेनी, कुठे चाललीस?'' टीचरांनी विचारलं.

''आता याचा बाप बुडनार. मला नाय ऐकायचं.''

''तुला कसं कळलं गं?'' मी विचारलं. माझं गुपित फुटलं म्हणून मला रागच आला होता.

''पुस्तकात कोली आला की बुडतोच,'' ती म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मी प्रुफं मिटली. मुलांना होडीची चित्रं काढायला सांगून कशीबशी वेळ मारून नेली.

दुपारी टीचरांच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि वर सुकेळी (वाळवलेली केळी). जेवण झकास होतं. जेनीचा बाप होडीवर गेल्याला चार दिवस झाले होते आणि आज संध्याकाळी तो परतणार होता, हे टीचरांनी वाढता वाढता सांगितलं.

''गोष्टीला दुःख लागतं हो, टीचर,'' मी म्हणालो.

''लागतं ना. पण सर, तुमच्या गोष्टीतला बँकेत गेलेला बाप संध्याकाळी घरी येतो. आमचाच का येत नाही?''

त्या रागावल्या नव्हत्या. भाकरी वाढत त्यांनी सहज विचारलं होतं. शाळेच्या कपाटात दिसलेल्या माझ्याच दोन जुन्या पुस्तकांत मी एकेक कोळी बुडवला होता, हे मला तेव्हा आठवलं. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी टीचरांबरोबर धक्क्यावर गेलो. टोपल्या घेऊन बायका आल्या होत्या, भाव ठरत होते, आरडाओरडा चालला होता. जेनी मात्र एका खांबाला धरून पाण्याकडे बघत होती. एक होडी लागली, दुसरी लागली. ती हलेना. तिसऱ्या होडीतून एक काळासावळा, मिठाने पांढुरका झालेला माणूस उतरला आणि पोरीने धूम ठोकली. हात धरून ती त्याला माझ्यापुढे घेऊन आली.

''हे बघा, सर. आला.''

तो खो खो हसला. ''पोर सांगते, तुमी मला पान्यात बुडवला! वाचून दाखवा की, कसा बुडवला ते.''

पिशवीत प्रुफं होती. ''अजून लिहून व्हायचीय,'' मी म्हणालो.

पुण्याला पोचल्यावर प्रकाशकांना सांगितलं, बाप परत येतो. ते वैतागले. ''अहो, पानं लावून झालीत! आणि मग गोष्टीत उरलं काय?'' त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. मुलांची पुस्तकं विकत घेणारे, निवडणारे, बक्षिसं देणारे सगळे मोठेच असतात, आणि त्यांना रडवणं मला छान जमत होतं. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना मी आजवर विचारलंच नव्हतं. पुस्तक वर्षभर रखडलं, शेवटी साध्या कागदावर निघालं, बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. पहिली प्रत मी पाचूबंदरला पाठवली.

टीचरांचं पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं, 'जेनीने पुस्तक हातात घेतलं आणि आधी शेवटचं पान वाचलं. मग सतरंजीवर मांडी घालून पहिल्यापासून सुरुवात केली.'