गाळलेल्या दोन ओळी

छापखान्यात त्यांना सगळे उलटेकाका म्हणायचे. शिशाच्या खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, ते जुळवणाऱ्याला उलटंच वाचावं लागतं. आणि काका तर समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्रसुद्धा पलीकडून वाचून मोकळे व्हायचे. पुढे छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, नाव तेवढं चिकटून राहिलं.

त्यांची मुलगी सिनेमावाल्यांचे कपडे शिवते. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, उद्या स्टेशनावर बसायला चला. म्हातारी माणसं कमी पडतायत."

"कसला सिनेमा?"

तिने पुस्तकाचं नाव सांगितलं आणि काकांचा चहा बशीत सांडला.

ज्या घरात एकच पुस्तक असायचं, तिथे ते हेच असायचं. त्यातलं स्टेशनचं पान लोकांना पाठ होतं. मुलगी घर सोडून निघते. बाप विचारतो, "परत येशील ना?" ती पिशवी उचलते आणि गाडीत चढते. उत्तर देत नाही. त्या न दिलेल्या उत्तरावर दोन पिढ्या रडल्या. मास्तरांनी परीक्षेत विचारलं, नायिकेच्या मौनाचा अर्थ स्पष्ट करा. पोरांनी पुरवण्या जोडून केला.

मौन कसलं डोंबलाचं. मूळ हस्तलिखितात ती बोलत होती.

ते पान काकांनीच जुळवलं होतं. जुळवताना हस्तलिखितावर पट्टी ठेवायची आणि ओळ झाली की खाली सरकवायची, हा धंद्यातला पहिला धडा. पण काकांना तेव्हा त्या कामात चौदा वर्षं झाली होती. पट्टी नवशिक्यांनी वापरावी असा तोरा होता. त्या पानावर "तिने पिशवी उचलली" हे शब्द दोनदा आले होते. पहिल्यांदा जुळवून काकांनी मान वर केली, नजर पुन्हा कागदावर गेली ती दुसऱ्या जागी, आणि मधल्या दोन ओळी गळाल्या. मुद्रितशोधकाने नुसतं प्रूफ वाचलं, मूळ समोर घेतलं नाही. वाक्य सुरळीत होतं. शंका कशाची यावी?

काकांना कळलं, पण पानांचे फर्मे छापून झाल्यावर. मालक तापट होता. काकांनी हस्तलिखिताचं ते पान शेगडीत घातलं. शेगडीवर बाइंडरची खळ शिजत होती, रद्दी नेहमी तिथेच जायची. कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुस्तकाच्या लेखिका शाळेत शिकवायच्या. तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून प्रुफं पाहायला आल्या नव्हत्या. महिन्याभराने काठी टेकत थेट काकांच्या खिळ्यांच्या केसपाशी आल्या.

"स्टेशनच्या पानात काही राहिलंय का हो?"

"होतं तेवढंच घेतलं, बाई."

"नक्की? मला वाटतं, मी तिला बोलायला लावलं होतं. की पक्की प्रत करताना माझ्याच हातून सुटलं?"

"तसंच असेल, बाई."

त्या खाली मान घालून गेल्या. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्या ओळी घालायला सांगितल्या, तर प्रकाशक म्हणाला, "अहो, लोक त्याच पानावर रडतात." पुढे मालकाकडून कानावर आलं की बाईंच्या वडिलांनी पुस्तक वाचलं आणि लेकीशी बोलणं टाकलं. पुस्तकातली मुलगी म्हणजे बाईच होत्या, आणि बाप म्हणजे बाप.

तर असे काका स्टेशनावर बाकावर जाऊन बसले. अंगात कुणाचा तरी कोट, मांडीवर रिकामी ट्रंक. नटीने पिशवी तीनदा उचलली, ती तीनदा न बोलता गाडीत चढली. काकांना बसवेना. चौथ्या वेळेची तयारी चालली होती, तेव्हा ते उठले.

"कुठे निघालात?" त्यांची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "बसा. इथे गप्प बसायचंच काम आहे तुम्हाला."

"आलोच."

ते दिग्दर्शकापाशी गेले. तो पन्नाशीचा, हातात पुस्तकाची पानं सुटलेली प्रत.

"ती बोलते," काका म्हणाले.

"कोण?"

"मुलगी. लिहिलं होतं तेव्हा बोलत होती. हे पुस्तक मी जुळवलंय."

दिग्दर्शक हसला नाही. काकांना बसवून स्वतः शेजारी बसला. "काय बोलते?"

"'येईन. पण दार तुम्ही उघडायचं.' बाप म्हणतो, 'उघडंच ठेवतो.'"

त्याने पुस्तकातलं ते सुटं पान काढलं. "हे पान वाचलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, काका. त्याच वर्षी घर सोडलं. वडील दारात उभे होते, विचारत होते. मी काही बोललो नाही. वाटलं, खरं माणूस असंच जातं."

"वडील?"

"गेले. भेट नाही झाली." त्याने मान वळवली. "तुम्हाला नक्की आठवतंय? सांगा. मी आत्ता बदलतो."

असा सरळ प्रश्न आयुष्यात दुसऱ्यांदा आला होता. काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"वय झालंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं असेल."

दिग्दर्शकाने सुटल्यासारखा श्वास सोडला, काकांच्या खांद्यावर थोपटलं आणि उठला. त्याची दया आली म्हणून खोटं बोललो, असं काका पुढे मनाला सांगत राहिले. दया थोडी असेलही. बाकी सगळी भीतीच, शेगडीपाशी होती तीच.

सिनेमा लागला तेव्हा बापलेक दुपारच्या खेळाला गेले. नटीच्या मागे बाकावर काका दिसले, आ वासलेले.

"बाबा, तोंड तरी मिटायचं," मुलगी कुजबुजली. थिएटरभर लोक नाक ओढत होते. तिनेही पदर डोळ्यांना लावला.

घरी चालत येताना काकांनी तिला सगळं सांगितलं. पट्टी, शेगडी, बाई, दिग्दर्शक, काही सोडलं नाही. ती रस्त्यात थांबली.

"बाईंना तरी सांगायचं होतंत."

"त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"आणि त्या साहेबांना?"

काका वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले.

"मग मला कशाला सांगितलंत? मी काय करू आता याचं?" ती म्हणाली, आणि भराभर पुढे चालू लागली. काकांनी तिला थांब म्हटलं नाही. जमेल तसे मागून येत राहिले.