चाकूरच्या पुढे वाकलेली रिम

कंधारचा किल्ला आणि खरोशाची लेणी एकाच फेरीत बघायची, असं आईचं आणि माझं गेल्या उन्हाळ्यापासून चाललं होतं. मी नांदेडला शाळेत शिकवते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे गाडी ठरवणं, नकाशा बघणं, लॉजवाल्याशी बोलणं सगळं माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांसाठी गाडी केली. भाडं किलोमीटरवर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. गाडी एका सेठची, चालवणारे माणिकमामा. पन्नाशीचे, कमी बोलणारे, आरशात बघून आईला "मावशी, खिडकी लावू का?" विचारणारे.

लोह्यात सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, आणि चहा घेतला. कंधारला दहाच्या आत पोचलात तर किल्ला निवांत बघता येतो. पाणी मात्र बरोबर ठेवा. खंदक भरलेला होता. आई तटावर टेकली आणि म्हणाली, बाजाराला इतक्या वेळा आले, आत कधी आलेच न्हाई. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. तो या प्रवासातला सगळ्यात चांगला तास. पुढचं सगळं मी बिघडवलं.

जूनमध्ये मला लायसन्स मिळालं होतं आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लागला नव्हता. कंधारहून निघताना मी मामांना विचारलं, थोडी चालवू का? ते हसले. अहमदपूरला जेवताना परत विचारलं. चाकूर मागे पडल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

"सीधा रोड हाय. तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका."

दहा-बारा मिनिटं बरी गेली. मग मागून ट्रकने हॉर्न धरला, मी घाबरले, आणि समोरच्या छोट्या पुलावर जिथे डांबर संपून काँक्रीटची कड वर आली होती, तिथे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. डावीकडून खालून जो आवाज आला तो अजून माझ्या दातांत आहे.

पुढच्या डाव्या चाकाची रिम आत वाकली होती, हवा फुसफुसत चालली होती. मी इतक्या वेळा सॉरी म्हणाले की शेवटी मामा म्हणाले, "ताई, पुरे. पाना धरा." स्टेपनी लावून आम्ही लातूर गाठलं.

रिंगरोडला एका दुकानावर "रिम बेंड काढून मिळेल" असा बोर्ड होता. दुकानातल्या वस्तादांनी टायर उतरवला, रिम मशीनवर फिरवली. वाकलेली जागा प्रत्येक फेरीला उसळत होती. अलॉयची रिम होती. सेठने हौसेने चार एकसारख्या बसवल्या होत्या. तसलं डिझाईन लातुरात मिळालं नाही. मागवायला तीन-चार दिवस लागणार होते. तोवर स्टेपनीवर चालवलं तर तीन चाकं चकचकीत आणि एक काळं लोखंडी, सेठला लांबूनच दिसलं असतं.

मग ठोकूनच घ्या, असं मी म्हणाले. वस्तादांनी रिम गरम करून जॅकने दाबली. तासाभरात ती गोल दिसायला लागली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी साबणाचं पाणी लावलं. आतल्या कडेला बोटभर लांबीत बारीक बुडबुड्यांची रांग उठली.

"चीर गेलीय," ते म्हणाले. "वेल्डिंग मारून देतो. चालंल. पर किती दिवस, ते मला इचारू नका. बिलावर बेंड काढला इतकंच लिहीन. वेल्डिंग लिहिणार न्हाई."

मी मामांना बाजूला घेऊन म्हणाले, सेठला फोन करू, माझी चूक आहे, नवी रिम मी घेऊन देते. तेव्हा त्यांनी सांगितलं की दुसऱ्याच्या हाती गाडी दिली हे सेठला कळलं तर त्यांच्याकडची चावी जाईल. हा नियम पहिल्या दिवसापासून होता. माझ्या तीन वेळच्या विनवणीने तो मोडला होता.

"इतकं काय सोचून राहिल्या ताई? मारू द्या वेल्डिंग. पुढचं मी बघतो."

मी मान हलवली. पैसे दिले. ते चाक परत बसवलं, स्टेपनी मागे टाकली.

संध्याकाळी लातुरात निलंगा राईस खाल्ला, लोक म्हणतात तसाच चविष्ट असणार. दुसऱ्या दिवशी खरोशाच्या टेकडीवर आई हौसेने चढली. मी मूर्तींपुढे उभी राहून खाली लावलेल्या गाडीचाच विचार करत होते. परत येताना मामांनी गाडी पन्नासच्या वर नेली नाही. मला वाटलं, थकले असतील.

शाळा सुरू झाली. वर्गात फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे तेच चाक, त्यावर कुणाचं तरी कुटुंब, अहमदपूरचा उतार. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सेठना फोन केला आणि चाकाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं की चालवत कोण होतं. मी खरं बोलले. फोन ठेवल्यावर अंग हलकं झालं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा माझ्या आवाजात थोडा अभिमानही होता, हे मला कबूल करायला हवं.

आई भाकरी थापत होती. "माणिकला इचारलंस का आधी?"

मी मामांना फोन लावला.

दोन-तीन दिवस तो लागेना, म्हणून गाड्या उभ्या राहतात तिथे गेले. ते आता दुसऱ्याच्या पिकअपवर होते, सोयाबीनच्या पोत्यांना दोरी आवळत होते. मला बघून रागावले नाहीत. मी म्हणाले, त्या चाकावर कुणाच्या जिवाला काही झालं असतं तर. ते दोरीला गाठ मारून वळले.

"ताई, तुम्हाला सोडलं त्याच सांजेला ते चाक काढलं मी. सेठला म्हणलो, हवा बसती, दुसरी रिम बघतो. लोखंडीवरच फिरवत होतो गाडी. चीर मला दिसली नव्हती का?"

मी म्हणाले, मी सेठशी परत बोलते.

"नका. बोललात ते लई झालं."

खरं सांगितलं याची मला लाज नाही. लाज याची आहे की त्या चिरेची काळजी फक्त मलाच असेल असं मी धरून चालले होते. शिकलेली मी, म्हणून. मामांना ना शाळा, ना बोलायची हौस, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला असेल असं समजले. माझे वडीलही असेच कमी बोलायचे. त्यांच्याबद्दल असं कुणी समजलं की मी भांडायला उठायचे.

तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर जरूर जा, खरोसा एक अख्खा दिवस ठेवून बघा. रिमला चीर असेल तर ठोकून घेऊ नका, बदला. स्टिअरिंग मागू नका.

हे ब्लॉगवर माझ्या नावाने टाकण्याआधी मी मामांना फोन केला आणि लिहू का, असं विचारलं. पलीकडे पिकअपचं इंजिन चालू होतं.

"लिहा की," ते म्हणाले. "माझं नाव बदला. तुमचं राहू द्या."

त्यांचं बदललं आहे.