गुरुजींचं म्हणींचं पुस्तक

सातवीत मराठी शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींना म्हणींचा भारी सोस. फळ्यावर म्हण लिहायची, एकाला उभं करायचं आणि अर्थ विचारायचा. म्हणीत जात आली की त्या जातीचंच पोर उभं राहायचं. मारवाड्याच्या मुलीला चिक्कूपणाची म्हण आली तेव्हा सगळा वर्ग हसला. मीही हसले, त्याची लाज आजही वाटते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आमच्या जातीचं जुनं नाव होतं. आजोबांनी धम्म स्वीकारून पस्तीसएक वर्षं झाली होती, गुरुजींच्या खडूपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मी उभी राहिले. अर्थ येत होता, पण सांगितला नाही.

"घरून विचारून ये," गुरुजी म्हणाले.

आई म्हणाली, "त्यालाच इचार. लई कळतंय ना त्याला!"

बारा-तेरा वर्षांनी मी मंचरला एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करत होते. निवृत्त गुरुजी आता ग्रंथकार व्हायला निघाले होते. एक दिवस दुकानात येऊन त्यांनी पिशवीतून दोन जाड वह्या काढल्या. जगभरातल्या म्हणी, अर्थासकट. मला त्यांनी ओळखलं नाही.

काय ती विद्वत्ता! आफ्रिका हा त्यांच्या लेखी एकच देश. रशियाच्या पानावर बाजरी, एस्किमोंच्या पानावर बैलजोडी. विचारलं तर म्हणाले, "भावार्थ महत्त्वाचा." आणि भावार्थ साऱ्या पृथ्वीचा एकच: मोठ्यांचं ऐकावं, आपली पायरी ओळखून राहावं.

दुसऱ्या वहीत महाराष्ट्र होता. तिथे ती म्हण निघाली. अर्थ: हलक्या माणसाचा स्वभाव बदलत नाही.

"गुरुजी, हे पान मी टाइप करणार नाय."

"अगं, ही मी थोडीच केलीय? लोकांची म्हण आहे."

"मग टाइपही लोकांनाच करायला सांगा. सातवीत ह्याच म्हणीसाठी मला उभं केलं होतं तुम्ही."

आता त्यांनी मला ओळखलं. मग हसले. "म्हणजे तुला अर्थ पाठच असेल की!"

मी वह्या बंद करून त्यांच्या पिशवीत घातल्या. ते गेल्यावर मालक माझ्यावर तडकले, "गिऱ्हाईक घालवलंस." घालवलं खरं.

पुस्तक दुसरीकडे छापलं गेलं. जुन्नरला एका हॉलमध्ये प्रकाशन झालं, दुकानात निमंत्रण आलं म्हणून मी मुद्दाम गेले. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक न उघडता अर्धा तास स्तुती केली. मी एक प्रत उघडून ते पान काढलं. जातीच्या जागी तीन टिंबं होती. अर्थ जसाच्या तसा.

"टिंबं कशाला दिली?" मी गुरुजींना विचारलं.

"कुणाचं मन दुखायला नको. तुझ्यासाठीच केलं हो," ते म्हणाले आणि सही करायला पेन उघडलं.

तीन टिंबांएवढं त्यांचं धैर्य आणि एवढा मोठा हार गळ्यात. मी सही घेतली नाही. प्रत खुर्चीवर ठेवली आणि चहा न घेता निघाले.