दोन बोटं जास्त

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिवणाचं दुकान आहे, त्या मास्तरांना सगळे मागून ‘दोनबोटे’ म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी ते हसतात. शाळेचा गणवेश असो की नवरीचा ब्लाउज, टेप लावून झाला की मास्तर आकडा सांगतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, “वर दोन बोटं.” तेवढं कापड आत दुमडून ठेवायचं. पोरगं एका उन्हाळ्यात ताडमाड होतं, बाई बाळंत होते. शिवण उसवली की कपडा पुन्हा अंगाला येतो. या दोन बोटांवर त्यांनी संसार केला, लेकीचं शिक्षण-लग्न केलं आणि एक जुनी गाडीही घेतली.

त्या गाडीनेच ऐन वेळी दगा दिला.

नवरा-बायको कित्येक वर्षांनी चार दिवस डोंगरात राहायला गेली होती. लेकीचे दिवस भरायला अवकाश होता. पण दुसऱ्याच सकाळी जावयाचा फोन आला, “हिला दवाखान्यात आणलंय.” पिशव्या कशाबशा कोंबून दोघं निघाली, आणि अर्ध्या वाटेत गाडीच्या तोंडातून वाफेचा लोट उठला. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फाटला होता. एका ट्रकवाल्याने दोर बांधून गाडी घरापर्यंत ओढून आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत नात जन्मून झोपीही गेली होती. मास्तरांनी हात पुढे केले तशी नर्स ओरडली, “आजोबा, हात बघा आधी!” कोपरापर्यंत काळे. धुऊन येईतो भेटायची वेळ संपली.

“बाबा,” लेक पडल्या पडल्या म्हणाली होती, “शनिवारी सोडतील. आपल्याच गाडीतून नेता ना?”

जावई हळूच म्हणाला, “मी टॅक्सी सांगून ठेवतो.”

“टॅक्सी कशाला? मी मेलोय का?” मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेला तो गेला. जन्माच्या वेळी नाही तर नाही, निदान घरी तरी नात आपल्या गाडीतून यावी, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवस लागतील, रांग आहे. मग काय, मास्तरांनी दुकानाला कुलूप घातलं आणि अंगणात गाडीखाली जुनी चादर अंथरली. फाटका पाइप काढता काढता बोटांची सालं निघाली. मूळ पाइप दुकानात शिल्लक नव्हता, म्हणून मापाने तोडून मिळणारा रबरी पाइप आणला, जुना शेजारी ठेवला आणि कापडाच्या मोठ्या कात्रीने कापला. पाइपाची दोन्ही टोकं पकडणाऱ्या पट्ट्या पिळून घट्ट केल्या. गाडी सुरू झाली! मास्तर ऐटीत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, आणि परत येईतो इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा लाल खुणेवर. पुन्हा वाफ.

गाडी गार होईपर्यंत त्यांना दम निघेना. अंगणात येरझारा, मध्येच फाटकाशी, मध्येच बॉनेटवर हात ठेवून चटका खायचा. गार झाल्यावर पुन्हा खाली शिरायचं. पाइप जागेवर, थेंब गळत नाही. मग पुढची जाळी काढून धुतली. पुन्हा तापली. पाणी बदललं. पुन्हा तापली. शुक्रवारी सुटा करून ठेवलेला एक स्क्रू हरवला तेव्हा मास्तरांनी पाना फेकला तो थेट तुळशीच्या कुंडीत.

“माझं देवाला सांगून झालंय,” बायको दारातून म्हणाली. “आता तुम्ही मेकॅनिकला सांगा.”

“तो आठ दिवस म्हणतो.”

“देवही लगेच कुठे येतो? पण तो अंगणात तेल तरी सांडत नाही.”

“तू आत जा बघू!”

ती गेली. पण तिच्याही हातातली जपमाळ त्या दिवशी तीनदा अडकली. नवऱ्याचं बोलणं हसण्यावारी नेता येत होतं, त्याचं न जेवणं नाही.

शनिवार उजाडला. मास्तरांनी पुन्हा गाडी सुरू केली, काटा पुन्हा चढू लागला. तेवढ्यात ती चहा घेऊन आली. कप ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून जमिनीवर ठेवायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“अहो, हा खालचा पाइप असा काय मोडलाय?”

“कुठे मोडलाय? शंभरदा बघितला.”

“गार असताना बघितलात. आता बघा. बागेतला पाइप दुमडला की पाणी थांबतं ना, तसाच.”

मास्तर धाडकन जमिनीवर आडवे झाले. खरंच. तापून मऊ पडलेला रबर मधोमध घडी घालून बसला होता. फाटका तुकडा त्यांनी शेजारी धरला. नवा जास्त लांब होता. किती, ते मोजायची गरजच नव्हती.

“वर दोन बोटं ठेवलीत ना?” ती म्हणाली. “पाइप काय वाढत्या अंगाचा आहे?”

मास्तर उठून कापडाची कात्री घेऊन आले. गाडी गार व्हायची वाट बघताना चहा प्यायले, दोन दिवसांत पहिल्यांदा बसून, आणि मग पाइप दोन बोटं कापून पुन्हा बसवला.

दवाखान्यात पोचायला उशीर झालाच. फाटकाशी टॅक्सी उभी होती, तिच्यात सामान चढलेलं. लेक मात्र बाळाला घेऊन बाकावर बसून होती.

“मी म्हटलं, थांबा. बाबा येतात.”

मास्तरांनी हात पाठीमागे लपवले. साबण लावून लावून कातडी लाल झाली होती, नखांतलं काळं तसंच होतं. लेकीने ते पाहिलं, दुपट्याची एक घडी जास्त घातली आणि नात त्यांच्या हातांवर ठेवली. नर्सने बघितलं आणि पाठ फिरवली.

वाटेभर मास्तरांची नजर काट्यावर होती. काटा मध्यावर. दोनदा त्यांनी उगाच गाडी बाजूला घेतली, दोनदा मागून येणारी सामानाची टॅक्सीही थांबली. तिसऱ्यांदा हात चावीकडे गेला तशी बायको मागून म्हणाली, “चालतेय ना? मग चालू द्या.”