दोन्ही बाजू डाव्या
दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी ओतूरला घरामागच्या पडवीत कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन जुळवलं. त्यावर धाकट्या बहिणीसाठी प्लायवूडचं पहिलं कपाट कापलं. ‘मशीन चुकत नाय,’ असं तिच्या सासरी सांगूनही बसलो.

आण्याला, तिच्या सासरच्या गावी, त्यांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर कपाट जोडायला घेतलं, तेव्हा कळलं की दोन्ही बाजू डाव्याच कापल्या गेल्यात. उजवीकडं फळ्या बसवायच्या खाचा बाहेरून दिसत होत्या.

“पावणं, फळ्या भायेरनं लावायच्या व्हय?” तिच्या सासऱ्यांनी विचारलं. सगळे हसले. बहीण मात्र मान खाली घालून चहाचे कप गोळा करत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

उजवी बाजू मी पुन्हा कापली, पण ती घेऊन जायचं धाडस झालं नाही. दुसऱ्याच्या हाती पाठवली. कपाट शेवटी बहिणीनं आणि दाजींनीच उभं केलं.