आमच्या आडनावाचे चार परदेशी

संगमनेरातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात भला मोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर चार परदेशी माणसं फेटे घालून उभी होती. पूल बांधणारा जपानी इंजिनिअर, दक्षिण अमेरिकेतला मुष्टियोद्धा, युरोपात पार उत्तरेला राहणारा पियानोवादक, आणि पूर्व आफ्रिकेतल्या एक न्यायाधीश बाई. बाईंना फेट्याऐवजी डोक्यावर पदर दिला होता आणि नाकात नथ. हे सगळं फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेलं. मुष्टियोद्ध्याचं डोकं मोठं आणि फेटा लहान, त्यामुळे तो कुणीतरी वरून ठेवून गेल्यासारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘साता समुद्रापार आपल्या कुळाचा झेंडा’.

ही चार माणसं मी शोधून दिली होती. त्यांचं आणि माझं आडनाव एकच. दोन अक्षरांचं आहे, जगातल्या चार भाषांत सहज जुळून येतं, त्यात कुळाचा काडीचा संबंध नाही. पण आडनावबंधूंचा मेळावा भरवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वडील पाथर्डी तालुक्यातले, जन्मभर ऊसतोडीला गेलेले. हे मी सांगितलं की समोरचा मान तिरकी करून ‘अरेरे’ असा चेहरा करतो. अरेरे करण्यासारखं त्यात काही नाही. मी शिकलो, चांगला शिकलो, आणि मला त्याचा गर्व आहे.

मेळाव्याचे सचिव दूध संघात नोकरीला. एके दिवशी स्टाफरूममध्ये आले आणि माझ्या टेबलावरची नावाची पाटी बघून म्हणाले, "सर, तुम्ही आपलेच निघाले की. कुठले म्हणायचे?"

"पाथर्डीकडचा."

"हां, तिकडं पण आपली घरं गेलीत जुन्या काळी." प्रश्न त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. या भागात एकच आडनाव पाच-सहा जातींत सापडतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण माणूस मास्तर असला, शर्ट इस्त्रीचा असला, की तो आपल्यातलाच असणार अशी त्यांची पक्की समजूत. मग म्हणाले, "तुमचा भूगोल. जगात आपल्या आडनावाची मोठी माणसं कुठं कुठं आहेत ते काढा. पोरांना जरा प्रेरणा मिळंल."

मला काम आवडलं. मी चौघं काढली, त्यांच्या मुलाखती वाचल्या, प्रत्येकाबद्दल पानभर लिहून दिलं. सचिवांनी त्यातली पदकं आणि पदं ठेवली. बाकीचं वाचून बाजूला सारलं. "हे राहू द्या सर, फ्लेक्सवर मावत नाही."

खरं तर मी या भानगडीत पडलो ते वडिलांमुळे. मेळाव्याचे अध्यक्ष म्हणजे नदीकाठचे मोठे बागायतदार, साखर कारखान्याचे जुने संचालक. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. वडिलांच्या टोळीनं कितीतरी हंगाम अण्णांचा ऊस तोडला. अण्णांच्याच बांधाला आमची कोपी असायची, उसाच्या पाचटाची आणि तट्ट्यांची. लहानपणी काही हंगाम मीही त्या कोपीत झोपलोय. वडील तेव्हा टोळीतल्या गड्यांना सांगायचे, "मालक अन् मी एकाच आडनावाचं हाय." त्यावर मुकादम म्हणायचा, "मग जा की वाड्यावर अन् वाटनी माग." सगळी टोळी हसायची. वडीलही हसायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे.

अण्णांनी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. ‘ए पाथर्डी’ म्हणायचे. टोळीत पाथर्डीचे सगळेच, त्यामुळे एक हाक मारली की चार माणसं वळायची.

मेळाव्याचं मी गावी जाऊन सांगितलं तेव्हा वडील खाटेवर उठून बसले. "नावं घेत्यात का माइकवर?"

"घेतात. ज्येष्ठांची घेतात. शाल-नारळ देतात."

"कोन घेतं?"

"अण्णाच."

मग म्हणाले, "मला शाल नगं. शाली हायेत. त्या मानसानं एकदा माझं नाव घ्यावं. आडनावासगट. एवढंच पायजे मला." सत्तरी उलटलेला माणूस हे सांगत होता. मी म्हटलं, घेतील.

मेळाव्याच्या दिवशी मी वक्ता म्हणून सकाळीच पोचलो होतो. सचिवांनी मला बाजूच्या दारानं आत नेलं, फेटा बांधून घेतला, व्यासपीठावर बसवलं. वडील पाथर्डीहून एसटीनं येणार होते. ते दिसले तसा मी खाली उतरून दाराकडे गेलो.

दारात एक रीत ठेवली होती. आलेल्या माणसाला कुंकवाचा टिळा लावायचा, मग टेबलामागची माणसं पूर्ण नाव यादीत लिहून घेणार आणि विचारणार, मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, देवक कोणतं. लग्न जुळवताना विचारतात तसं. मेळाव्यात सोयरिकी जमतात, एका देवकात लग्न होत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवायचं असा त्यांचा हिशेब. विचारून झालं की शेजारी खुर्चीवर बसवून फेटेवाला फेटा बांधायचा. गर्दी वाढली तशी घाई झाली आणि फेटेवाल्यानं विचारपूस संपायच्या आधीच वडिलांना खुर्चीवर घेतलं. माझे वडील धोतर नेसलेले, नवा सदरा घातलेले, मान ताठ. फेट्याचे दोन वेढे बसलेसुद्धा.

"आजोबा, देवक?" टेबलामागून सचिवांनी विचारलं.

वडिलांनी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ते देवक इथे लिहिलं तर आमची जात कळेल, म्हणून लिहीत नाही. त्या टेबलामागच्या माणसांना कळली, तेवढी पुरे झाली.

सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, मग फेटेवाल्याकडे बघून नुसती हनुवटी हलवली. फेटेवाला भाड्यानं आणलेला, त्याला कळेना. सचिव म्हणाले, "कापड कमी पडतंय. आधी लांबून आलेल्यांचं होऊ दे."

"मी पाथर्डीहून आलोय," वडील म्हणाले.

फेटेवाल्यानं ते दोन वेढे सोडले. वडिलांनी सोयीचं व्हावं म्हणून मान खाली घातली. ते कापड मग दुसऱ्या कुणाला बांधलं नाही. घडी करून टेबलाखाली टाकलं.

मी फेटा काढून वडिलांना म्हटलं, "दादा, चला. निघू."

"गप बस," वडील म्हणाले. "नावं व्हयाची हायेत अजून."

सचिव मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर सोपं गेलं असतं. "सर, तुमचं भाषण आहेच. तुम्ही शिकलेले, तुमचं वेगळं. ते मागं बसतील जरा. जेवणाचं त्यांचं पॅक करून देतो ना मी."

"माझ्या वडिलांचं नाव अण्णांनी माइकवर घ्यायचं," मी म्हटलं. "मग मी बोलतो."

"बघतो," सचिव म्हणाले आणि जाऊन अण्णांच्या कानाला लागले. अण्णांनी वळून शेवटच्या रांगेच्या मागे भिंतीशी उभ्या असलेल्या वडिलांकडे बघितलं. ओळखलं असावं, कारण त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं, आपला जुना बैल बाजारात दिसल्यावर येतं तसं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण वडील उभेच राहिले. नाव घेतल्यावर उठून उभं राहण्यात वेळ जाऊ नये म्हणून, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

अण्णांनी ज्येष्ठांची नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. प्रत्येक नावाला टाळ्या. दर नावाला वडील सदरा खाली ओढून सारखा करायचे. कोण कुठला पतपेढीचा माजी व्यवस्थापक, कोण निवृत्त तलाठी, एकजण तर नुसता अण्णांचा व्याही. नावं संपली. वडिलांचं आलं नाही. वडिलांनी माझ्याकडे बघून हातानं खूण केली, थांब, अजून येईल.

मग त्या चौघांचा सन्मान. फ्लेक्सची एक छोटी प्रत व्यासपीठावर उभी केली होती. अण्णांनी चौघांच्या फोटोंना हार घातले, अनामिकेनं एकेकाच्या कपाळाला गंध लावलं. न्यायाधीश बाईंना हळदीकुंकू लावायला त्यांच्या सूनबाई पुढे आल्या. अण्णा माइकवर म्हणाले, "देश वेगळा, भाषा वेगळी, पण रक्त एक. रक्त लपत नसतं." पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला.

मग मला बोलावलं.

"जपानच्या आपल्या भावापासून सुरू करतो," मी म्हणालो. "याचे आजोबा मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचे. त्यांच्या गल्लीत बाकीचे जपानी पाऊल ठेवत नसत आणि त्यांच्या घरात सोयरिक करत नसत. हे त्यानं स्वतः मुलाखतीत सांगितलंय. अण्णांनी आत्ता ज्याला गंध लावलं तो हा."

मागून एकजण म्हणाला, "सर, पदकांचं सांगा."

"पदकं फ्लेक्सवर आहेत. जे मावलं नाही ते सांगतोय. हा मुष्टियोद्धा. बाप गायी कापायच्या कारखान्यात कामाला, आणि हा शाळा सुटली की तिथलं रक्त धुवायचा. हात तिथं घट्ट झाले म्हणतो. हे पियानोवादक, यांच्या घरात तीन पिढ्या कबरी खणायचं काम. आणि या न्यायाधीश बाई. यांच्या पणजीला बाजारात उभी करून, दात बघून विकली होती. बाई प्रत्येक भाषणात हे सांगतात. सूनबाई, तुम्ही कुंकू लावलंत ते यांना."

सूनबाईंनी हात पदराला पुसला. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. त्या चौघांनी मान वर करून सांगितलेली गोष्ट मी या लोकांच्या घशाखाली घास उतरू नये म्हणून सांगत होतो, हे मला चांगलं कळत होतं. तरी सांगितली. परत वेळ आली तरी सांगेन.

"रक्त एक आहे, अण्णा म्हणाले," मी शेवटी म्हटलं. "मग भिंतीशी जो म्हातारा उभा आहे, त्याच्या डोक्यावरचे फेट्याचे दोन वेढे कुणी सोडले? त्यानं तर जन्मभर नुसता ऊस तोडला. तोही अण्णांचाच."

सचिवांनी माइकची वायर ओढली. काही पोरं पुढे आली. अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं. ते उठले, दुसरा माइक घेतला, सावकाश चष्मा पुसला. रागाचा लवलेश नाही. मोठ्या माणसांना राग नोकरांवर काढायचा असतो, चारचौघांत नसतो काढायचा. दारातली यादी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी काहीतरी विचारलं, त्यानं यादीत बघून सांगितलं, आणि अण्णा माइकवर बोलले.

आधी ‘श्रीयुत’ म्हणाले. मग वडिलांचं नाव घेतलं. मग आजोबांचं. मग आडनाव, स्वच्छ, दोन्ही अक्षरं सुटी. "राहणार पाथर्डी," अण्णा म्हणाले, "यांनी आपल्या मुलाला घेऊन कार्यालयाच्या बाहेर जावं. आपलं जेवण बांधून दाराशी ठेवलेलं आहे."

वडील दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. आधी व्यासपीठाला, मग उजवीकडे, मग डावीकडे, मग मागच्या रांगांना. घाई केली नाही. मागच्या काही लोकांना नीट ऐकू गेलं नसावं. सकाळपासून नाव आलं की टाळ्या वाजवायची सवय लागली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी त्यांना परत एकदा हात जोडले.

बाहेर मी मोटारसायकल काढली. जेवणाची पिशवी दाराशी होती, ती मी पायानं सारली.

"पुरं घेतलं रं," वडील म्हणाले. "आज्ज्याचं बी घेतलं."

"दादा, हाकलायला घेतलं. आपल्याला बाहेर काढलं त्यांनी. कळलं का तुम्हाला?"

"कान हायेत मला."

"मग हात कशाला जोडलेत? त्यांच्यासमोर?"

"तू बोल्लास का न्हाई तुला जे बोलायचं हुतं? मी काय म्हनलो का तुला?" ते मागे बसले. "चल आता."

मी त्यांना बस स्टँडवर सोडलं.

पुढे पारावर, लग्नात, दहाव्याला, जिथे जातील तिथे वडील सांगू लागले की अण्णांनी भर मेळाव्यात माइकवर आमचं पुरं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या टोळीतले म्हातारे ऐकतात आणि मान डोलावतात. मुकादम आता हयात नाही, नाहीतर त्याला जाऊन सांगितलं असतं. वडील तिथेच थांबतात. टाळ्यांच्या पुढे जात नाहीत.

सुट्टीत मी गावी असलो आणि ही गोष्ट निघाली, की पुढचं वाक्य मी सांगतो. बाहेर काढलं ते, जेवण दाराशी ठेवलं ते, शब्द न शब्द. बायको म्हणते, म्हाताऱ्याचं एवढं तरी राहू द्या. मी राहू देत नाही. अण्णांनी जे केलं ते आमच्याच घरात मानपानाची गोष्ट म्हणून सांगितलं जाणार असेल, तर मी शिकून काय केलं?

परवा दिवाळीत मावसभाऊ आले होते. त्यांनी विचारलं, "काका, ते अण्णांचं काय झालं हुतं म्हणे?" वडिलांनी तोंड उघडलं, मी कुठे बसलोय ते बघितलं, आणि म्हणाले, "काय न्हाई. जेवून घ्या."