मांडीवरच्या चपला

सीमेपलीकडच्या देशातून जीव वाचवून बडोद्यात आलेल्या आईबापांचा एक गट मी चालवते. दर शनिवारी वाघोडिया रोडवरच्या समाजवाडीत आम्ही गोल बसतो आणि मनात साचलेलं बोलतो.

त्यातली एक बाई कधीच बोलायची नाही. मांडीवर धाकटीच्या चपला घेऊन त्यांचे पट्टे चाचपत बसायची. परवा न राहवून मी म्हटलं, "बेन, चपला बाहेर ठेवा ना. इथे कोण नेतंय?"

तिचा हात थांबला. "दीदी, घर जल रहा था. बडा बेटा चप्पल लेने अंदर गया. बाहर नहीं आया. तब से चप्पल पास ही रखती हूँ."

मी दचकून गोलात नजर फिरवली. बाकी कोणी दचकलं नाही. प्रत्येकाच्या गुडघ्याशी पिशवी होती आणि पिशवीत चपला.

दाराबाहेर एकच जोड होता, माझा.